मोठ्या विद्यापीठांतील लहान घर : अमेरिकेंतील ऑनर्स वसतिगृहें

ऑगस्ट महिन्याचा उत्तरार्ध लागला कीं, अमेरिकेंतील विद्यापीठांच्या गांवांना जत्रेची कळा येते. दूरदूरच्या खेड्यांतून व शहरांतून मोटारी येऊन उभ्या राहतात. त्यांत गाद्या, उशा, टेबलावरचे दिवे, पुस्तकांचीं खोकीं, कपड्यांच्या पेट्या असा एक छोटासा संसारच कोंबलेला असतो. आईबाप सामान उचलून जिने चढतात, मुलाची किंवा मुलीची खोली लावून देतात, आणि दिवस कलतां कलतां जड पावलांनीं परत फिरतात. मागें राहतो तो अठरा वर्षांचा विद्यार्थी. काल-परवांपर्यंत गांवांतले सारे लोक त्याला नांवानें ओळखत होते. शाळेंत त्याचा नंबर वरचा. शिक्षक त्याच्याकडे बोट दाखवून इतरांना शहाणपण सांगत. आज तो हजारोंच्या गर्दींतला एक आहे, आणि शेजारच्या खोलींत कोण राहतें हेंहि त्याला ठाऊक नाहीं.

ही गर्दी केवढी असते याची कल्पना दोन उदाहरणांवरून येईल. पेनसिल्व्हानिया राज्याच्या मध्यभागीं, डोंगरांच्या कुशींत, ‘पेन स्टेट’ विद्यापीठाचें मुख्य ठाणें आहे. त्या एका ठाण्यांतच ४०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात. ॲरिझोना राज्यांतील टेंपी येथील ‘ॲरिझोना स्टेट’ विद्यापीठाचा पसारा त्याहूनहि मोठा. दोन्ही विद्यापीठें सार्वजनिक, म्हणजे राज्यानें स्थापिलेलीं आणि राज्याच्या मदतीवर वाढलेलीं. अशा ठिकाणीं पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या व्याख्यानाला कित्येक शें मुलें एका दालनांत बसतात. व्यासपीठावरचे प्राध्यापक मागच्या ओळींतून बोटभर दिसतात. शंका विचारावयाची तर आठवड्यांतून एकदां भरणाऱ्या लहान वर्गांत, आणि तीहि बहुधा प्राध्यापकांना नव्हे, तर त्यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या एखाद्या पदवीधराला.

अशा अफाट संस्थेंत हुशार व जिज्ञासु विद्यार्थ्याला लहान कॉलेजांतली जवळीक कशी लाभावी? या प्रश्नाला अमेरिकेंतील सार्वजनिक विद्यापीठांनीं जें उत्तर शोधलें, त्याचें नांव ‘ऑनर्स कॉलेज’. आणि त्या कॉलेजाचें हृदय म्हणजे त्याचें वसतिगृह.

‘ऑनर्स’ हा शब्द श्रोत्यांना नवा नाहीं. ब्रिटिश पद्धतीच्या पदवी-परीक्षेंत एखाद्या विषयाचा जादा अभ्यास करून मिळविलेला मान, असा त्याचा अर्थ आपल्याकडे रूढ झालेला आहे. अमेरिकेंत मात्र त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. तेथें ऑनर्स कॉलेज ही एका विषयाची शाखा नव्हे. यंत्रविद्या शिकणारा, संगीत शिकणारी, शेतकी शिकणारा, इतिहास शिकणारी, असे नाना शाखांचे निवडक विद्यार्थी तेथें एका छपराखालीं येतात. आपापल्या विषयाचा अभ्यास ते विद्यापीठाच्या त्या त्या शाखेंतच करतात; परंतु त्याखेरीज त्यांच्यासाठीं पंधरावीस जणांचे लहान वर्ग असतात, मार्गदर्शक असतात, आणि पदवी मिळण्यापूर्वीं बहुतेक ठिकाणीं प्रत्येकाला स्वतःच्या संशोधनाचा एक प्रबंध लिहावा लागतो. ही झाली अभ्यासाची बाजू. राहण्याची बाजू अशी कीं, या विद्यार्थ्यांसाठीं विद्यापीठाच्या अनेक वसतिगृहांपैकीं एखाददुसरें राखून ठेवलेलें असतें.

आज ही व्यवस्था स्वाभाविक वाटते. परंतु सार्वजनिक विद्यापीठांना वसतिगृहाचेंच प्रारंभीं मोठेंसें प्रेम नव्हतें. मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष हेन्री टॅपन यांनीं १८५० नंतरच्या दशकांत तेथील विद्यार्थ्यांच्या खोल्या बंद करून त्या जागेचा उपयोग वर्गांसाठीं केला. त्यांच्या डोळ्यांपुढें जर्मन विद्यापीठांचा आदर्श होता. विद्यापीठानें शिकवावें, विद्यार्थ्यानें गांवांत कोठेंहि बिऱ्हाड करावें, असा तो विचार. पुढें १८६२ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं मॉरिल कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीच्या उत्पन्नांतून प्रत्येक राज्यांत शेतकी व यंत्रविद्या शिकविणारें निदान एक कॉलेज उभें राहावें, असा त्या कायद्याचा हेतु होता. शेतकऱ्याकारागिरांच्या मुलांना उच्च शिक्षणाचें दार त्यानें उघडलें. पेन स्टेट हें या कायद्याचा लाभ मिळालेल्या संस्थांपैकींच एक. तेव्हां ‘सर्वांसाठीं शिक्षण’ हा या विद्यापीठांचा कुळाचार आहे, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवली पाहिजे. कारण पुढील सारा वाद तिच्याशींच निगडित आहे.

शिक्षण आणि निवास यांची सांगड घालण्याची कल्पना आली ती इंग्लंडांतील ऑक्सफर्ड-केंब्रिजहून. तेथील कॉलेज हें मुळांत राहण्याजेवण्याचें घर. गुरु आणि शिष्य एका आवारांत राहतात आणि एका दालनांत जेवतात. फ्रँक एडलॉट हे अमेरिकन गृहस्थ ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. पेनसिल्व्हानियांतील स्वार्थमोर या लहानशा खाजगी कॉलेजाचे ते १९२१ मध्यें अध्यक्ष झाले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं तेथें ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. सगळ्या वर्गाला कवाईत करणाऱ्या पलटणीप्रमाणें एका पावलानें चालविलें, तर मंद विद्यार्थ्याची फरफट होते आणि चपळ विद्यार्थ्याची उभारी मरते, हें त्यांचें म्हणणें. १९४४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला त्यांनीं नांव दिलें तेंहि याच अर्थाचें होतें : ‘ब्रेकिंग दि ॲकॅडेमिक लॉक स्टेप’.

याच सुमारास एका सार्वजनिक विद्यापीठांत एक धाडसी प्रयोग झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठानें अलेक्झांडर मायकेलजॉन या तत्त्ववेत्त्याला पाचारण केलें, आणि १९२७ मध्यें ‘एक्स्पेरिमेंटल कॉलेज’ सुरू झालें. मेंडोटा सरोवराच्या कांठीं असलेल्या ॲडम्स हॉल या वसतिगृहांत विद्यार्थी राहत व तेथेंच त्यांचे शिक्षक त्यांना भेटत. पहिलें वर्ष प्राचीन अथेन्सच्या संस्कृतीचा अभ्यास, दुसरें वर्ष अर्वाचीन अमेरिकेचा. नेहमींच्या धर्तीचे वेगवेगळे विषय नाहींत, कीं रोजचें हजेरीपुस्तक नाहीं. विशेष हें कीं, हें कॉलेज निवडक हुशारांसाठीं नव्हतें. ज्याला यावेंसें वाटे तो येई. परंतु वसतिगृहांतील मुलांच्या मोकळ्या वागण्याविषयीं गांवांत व विद्यापीठांत कुरबूर सुरू झाली, इतर प्राध्यापकांना हा निराळा संसार रुचेना, त्यांत आर्थिक मंदीची भर पडली, आणि पांच वर्षांत, म्हणजे १९३२ मध्यें, तें बंद पडलें. तरी दोन गोष्टी त्यानें शिकवून ठेवल्या. एक, मोठ्या विद्यापीठाच्या पोटांत शिकण्याचें लहान घर उभें करतां येतें. दुसरी, असें घर शेजाऱ्यांपासून तुटलें तर टिकत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिति पालटली. सैन्यांतून परतलेल्या तरुणांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें सोसावा, असा कायदा १९४४ मध्यें झाला होता. त्याचा लाभ घेऊन सुमारें २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत दाखल झाले. १९४७ मध्यें तर कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिकच होते. विद्यापीठें फुगलीं, राहण्यास जागा पुरेना. १९५० च्या गृहनिर्माण कायद्यानें वसतिगृहें बांधण्यास सरकारी कर्ज मिळूं लागलें, आणि लांबच लांब बोळ व दुतर्फा सारख्या खोल्या अशा इमारती ठिकठिकाणीं उठल्या. निवाऱ्याचा प्रश्न सुटला. जवळिकीचा सुटला नाहीं.

इकडे कांहीं विद्यापीठें हुशार विद्यार्थ्यांची निराळी काळजी घेऊं लागलीं होतीं. मिशिगन स्टेट विद्यापीठानें १९५६ मध्यें ऑनर्स कॉलेज स्थापिलें. कोलोरॅडो विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोसेफ कोहेन यांच्या पुढाकारानें १९५७ मध्यें अनेक विद्यापीठांची एक समिति झाली आणि ऑनर्सच्या कल्पनेचा प्रसार करूं लागली. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत रशियानें स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. आपण बुद्धिमान मुलांची हेळसांड करीत आहों, अशी रुखरुख साऱ्या अमेरिकेला लागली, आणि ऑनर्सच्या चळवळीला वारें मिळालें. पुढें १९६६ मध्यें या कार्यक्रमांची एक राष्ट्रीय परिषदहि स्थापन झाली.

आजचें भरभराटीचें रूप मात्र गेल्या चार दशकांतलें. पेन स्टेटमध्यें १९८० सालीं सुरू झालेल्या निवडक विद्यार्थ्यांच्या योजनेला १९९७ मध्यें विल्यम व जोन श्रायर या दांपत्यानें ३ कोटि डॉलरांची देणगी दिली, आणि तिचें ‘श्रायर ऑनर्स कॉलेज’ झालें. ॲरिझोना स्टेटचें ऑनर्स कॉलेज १९८८ मधलें; क्रेग व बार्बरा बॅरेट यांच्या १ कोटि डॉलरांच्या देणगीनंतर २००० सालापासून तें ‘बॅरेट’ या नांवानें ओळखलें जातें. २००९ मध्यें त्यानें टेंपी येथें स्वतःची वस्तीच उभारली. विद्यार्थ्यांच्या खोल्या, वर्ग, प्राध्यापकांच्या बैठकी, भोजनगृह, अंगणें हें सगळें तेथें एका आवारांत आहे. राज्यांतील हुशार मुलें परराज्यांतील खर्चिक खाजगी विद्यापीठांकडे न जातां घरच्याच विद्यापीठांत राहावींत, ही विद्यापीठांची इच्छा या साऱ्यामागें असते, हें उघड आहे.

आतां या घरांत प्रत्यक्ष दिवस कसा जातो तें पाहूं. पेन स्टेटमधील ॲथर्टन हॉल ही १९३८ मधली जुनी इमारत. मुळांत ती विद्यार्थिनींसाठीं बांधलेली होती. हल्लीं तेथें ऑनर्सचे विद्यार्थी राहतात, आणि ऑनर्स कॉलेजाची कचेरीहि त्याच इमारतींत आहे. म्हणजे कोणता विषय घ्यावा, प्रबंधासाठीं कोणा प्राध्यापकांकडे जावें, परदेशीं शिकण्यास शिष्यवृत्ति मिळेल काय, असल्या गोष्टी विचारावयास विद्यार्थ्याला जिना उतरून जावें लागतें, एवढेंच. ज्याला एरव्हीं विद्यापीठाच्या पसाऱ्यांत योग्य दार शोधण्यांतच महिना घालवावा लागला असता, त्याला तें दार घरांतच सांपडतें.

खोल्या कांहीं राजवाड्यांतल्या नव्हत. बहुधा एका खोलींत दोघे. दोन पलंग, दोन टेबलें, दोन कपाटें. एकाला पहाटे उठावयाचें असतें, दुसऱ्याला मध्यरात्रीं दिवा लावून लिहावयाचें असतें. यावरून खटके उडूं नयेत म्हणून प्रारंभींच दोघांना बसवून झोपेची वेळ, पाहुणे, सफाई यांविषयीं लेखी समजूत करून घेण्याची चाल अनेक वसतिगृहांत आहे. प्रत्येक मजल्यावर वरच्या वर्गांतला एक विद्यार्थी साहाय्यक म्हणून नेमलेला असतो. त्याच्या राहण्याजेवण्याचा भार बहुधा विद्यापीठ उचलतें. त्या बदल्यांत त्यानें नवख्यांची विचारपूस करावी, भांडणें मिटवावीं, कोणी आजारी किंवा खिन्न दिसला तर वेळींच वर कळवावें. आपल्याकडील बोर्डिंगांत जें काम थोरल्या मुलांवर आपोआप येऊन पडतें, तेंच येथें रीतसर नेमणूक करून सोंपविलेलें असतें.

परंतु या घराचा खरा लाभ ना खोलींत, ना कचेरींत. तो आहे जेवणाच्या टेबलावर आणि रात्रींच्या बैठकींत. बॅरेटच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘द ह्यूमन इव्हेन्ट’ नांवाचा एक अभ्यासक्रम घ्यावा लागतो. प्राचीन काळापासूनचे निरनिराळ्या संस्कृतींतले ग्रंथ वाचावयाचे आणि लहानशा वर्गांत त्यांवर चर्चा करावयाची, असें त्याचें स्वरूप. व्याख्यान ऐकून उठून जाण्याची सोय तेथें नाहीं. प्रत्येकानें बोललें पाहिजे. आतां असें समजा कीं, सकाळीं वर्गांत न्याय म्हणजे काय यावर वाद झाला, आणि तासाची घंटा झाली तेव्हां तो अर्धाच राहिला. इतर ठिकाणीं तो तेथेंच मरतो. कारण वर्गांतले वीस जण वीस दिशांना पांगतात. येथें तेच विद्यार्थी दुपारीं एका भोजनगृहांत भेटतात, रात्रीं एका मजल्यावर झोपतात. वाद जेवणाबरोबर पुन्हां सुरू होतो. शेजारची यंत्रविद्येची विद्यार्थिनी त्यांत आपलें गणित घालते, संगीताचा विद्यार्थी आपली शंका काढतो, आणि मध्यरात्र कधीं उलटली हें कोणास कळत नाहीं. पुस्तकांतलें ज्ञान अंगांत मुरतें तें अशा वेळीं.

यांत आणखी एक गोम आहे. अनेक शाळांत अभ्यासाची आवड ही लपविण्याची गोष्ट होऊन बसते. फार वाचणाऱ्या मुलाची सोबती टर उडवितात. या घरांत आल्यावर त्याला प्रथमच आढळतें कीं, येथें वाचणाऱ्याला कोणी हंसत नाहीं. या एका अनुभवानें कित्येक अबोल मुलें बोलकीं होतात.

पंढरीच्या वारीची उपमा येथें चांगली लागू पडते. लाखोंच्या समुदायांत एकटा वारकरी हरवूनच जावयाचा. पण तो आपल्या दिंडींत चालतो. दिंडींतले लोक त्याला ओळखतात, त्याच्या जेवणाची चौकशी करतात, तो मागें पडला तर थांबतात. समुदाय मोठा असूनहि त्याला एकटेपण जाणवत नाहीं. ऑनर्स वसतिगृह ही मोठ्या विद्यापीठांतली अशीच एक दिंडी आहे.

सोबतीचा हा परिणाम निव्वळ कल्पनेचा नाहीं. शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनीं २०० हून अधिक कॉलेजांतील २०,००० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९३ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. कॉलेजच्या वयांत विद्यार्थ्याच्या घडणीवर सर्वांत प्रभावी परिणाम त्याच्या बरोबरीच्या सोबत्यांचा होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनीं २००१ मध्यें डार्टमथ या खाजगी कॉलेजांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांविषयीं लिहिलें. तेथें कोणाच्या खोलींत कोण हें चिठ्ठ्या टाकल्यासारखें ठरत असल्यामुळें सोबतीचा परिणाम निराळा काढून पाहतां आला. खोलींतल्या सोबत्याची अभ्यासांतील प्रगति आणि तो कोणत्या मंडळांत मिसळतो, यांचा परिणाम दुसऱ्यावर होतो. मात्र कोणता विषय निवडावा हें ज्याचें तोच ठरवतो, असें त्यांना दिसून आलें.

येथपर्यंत सारें गोड झालें. आतां कडू भाग.

पहिला प्रश्न त्या मुलाच्या मनाचा. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. पण तिची दुसरी बाजू कोणी सांगत नाहीं. धडधाकट गाय दुसऱ्या शंभर धडधाकट गाईंत नेऊन सोडली, तर ती स्वतःला लंगडी समजूं लागते. हर्बर्ट मार्श व त्यांचे सहकारी यांनीं १९८४ मध्यें शाळकरी मुलांच्या अभ्यासांतून हेंच दाखविलें. सारख्याच बुद्धीचीं दोन मुलें असलीं, आणि त्यांपैकीं एक निवडक हुशारांच्या शाळेंत गेलें, तर त्याचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास दुसऱ्यापेक्षां कमी होण्याचा संभव असतो. ऑनर्स वसतिगृहांत प्रत्येक जण आपापल्या गांवचा पहिला. पहिल्या चाचणींत त्यांतल्या निम्म्यांचा क्रम खालच्या अर्ध्यांत लागणार, हें गणितानेंच ठरलेलें आहे. आयुष्यांत प्रथमच मागें पडणें हा त्या वयांत मोठा धक्का असतो.

त्यांत गुणांची तलवार डोक्यावर टांगलेली. श्रायर कॉलेजांत टिकावयाचें तर ४ पैकीं ३.४ इतकी सरासरी राखावी लागते. ती घसरली कीं, प्रथम ताकीद, आणि पुढेंहि सुधारणा न झाल्यास नांव कमी होण्याची भीति. ज्या मुलाचे सगळे मित्र याच घरांत आहेत, त्याला ही भीति केवळ गुणांची नसते. आपलें घर सुटेल कीं काय, अशी ती धास्ती असते. मग अवघड पण आवडता विषय सोडून सोपा विषय घेण्याचा मोह होतो, आणि जिज्ञासेसाठीं उभारलेल्या घरांत जिज्ञासेचाच बळी जातो. चांगले मार्गदर्शक व मजल्यावरचे साहाय्यक यांची खरी कसोटी येथें लागते. “मला जमत नाहीं,” हें वाक्य लाज न वाटतां उच्चारतां येईल, असें वातावरण ज्या घरांत आहे तेंच घर यशस्वी म्हणावें.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे, आणि तो साऱ्या समाजाचा आहे. जें विद्यापीठ सर्वांच्या करांवर उभें राहिलें, त्यानें मूठभर मुलांना निराळें घर, लहान वर्ग, आणि पुष्कळ ठिकाणीं विषयांची निवड इतरांच्या आधीं करण्याची मुभा कां द्यावी? लहान वर्गाची गरज हुशार मुलाला आहे हें खरें. पण अडखळणाऱ्या मुलाला ती कमी आहे काय? शिवाय निवड होते ती शाळेंतील गुण, निबंध, परीक्षा यांच्या आधारें. आणि ज्याच्या घरीं पुस्तकें, निवांत खोली व शिकवणीला पैसा आहे, त्याचे गुण वाढणें सोपें असतें. कांहीं ठिकाणीं तर ऑनर्स विद्यार्थ्यांना निराळी जादा फीहि भरावी लागते. अशा रीतीनें गुणवत्तेच्या नांवाखालीं सुस्थितांच्या मुलांची एक नवी आळी तयार होण्याचा धोका आहे.

वसतिगृहांत कोण कोणाशेजारीं राहतो, हा प्रश्न किती दूरवर जातो हें महाराष्ट्राला सांगावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं, आणि त्या पंक्तीनें जें शिकविलें तें वर्गांतल्या कोणत्याहि धड्यापेक्षां मोठें होतें. अमेरिकेंतील अनुभवहि तोच आहे. एका मोठ्या सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांविषयीं २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या गोऱ्या विद्यार्थ्यांना योगायोगानें कृष्णवर्णी सोबती खोलींत मिळाले, त्यांचे कृष्णवर्णीयांविषयींचे विचार अधिक सहानुभूतीचे झाले. सोबत जर माणसाला इतकी बदलते, तर हुशारांना फक्त हुशारांचीच सोबत देण्यांत कांहींतरी हरवतेंहि, हें मान्य केलें पाहिजे. आणि तें दोन्ही बाजूंचें हरवतें. उरलेल्या वसतिगृहांतून प्रश्न विचारणारीं मुलें वेंचून नेलीं, तर तेथील रात्रींच्या गप्पांतून कांहीं दिवे कमी होतातच.

मग हीं घरें मोडावींत काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. पेन स्टेटचें दुसरें ऑनर्स वसतिगृह, सिमन्स हॉल, हें इतर सामान्य वसतिगृहांच्या समूहांतच आहे. तेथील विद्यार्थ्याला दार उघडतांच इतरांचा शेजार लाभतो. दिवसाच्या बहुतेक तासिकांना ऑनर्सचा विद्यार्थी इतरांच्याच बांकावर बसतो. प्रवेशाचें दारहि एकदांच उघडून कायमचें मिटत नाहीं : पहिल्या वर्षीं निवड न झालेल्या, पण पुढें विद्यापीठांत चांगला अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना नंतरहि घेण्याची सोय श्रायर व बॅरेट या दोन्ही ठिकाणीं आहे. ज्याची बुद्धि उशिरां उमलते, त्याच्यासाठीं हें दार फार मोलाचें. शिवाय पहिल्या वर्षानंतर पुष्कळ विद्यार्थी हें वसतिगृह सोडून गांवांत भाड्याच्या घरांत इतर मित्रांबरोबर राहावयास जातात. म्हणजे हें घर मुक्कामाचें नसून पाय स्थिरावेपर्यंतच्या विसाव्याचें ठरतें, आणि तें तसें असण्यांतच त्याचें हित आहे.

महाराष्ट्रांतून अमेरिकेस जाणारे बरेचसे विद्यार्थी येथें पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठीं जातात. त्यांचा या घरांशीं संबंध येत नाहीं. परंतु बारावीनंतरच आपल्या मुलामुलींना तिकडे पाठविणारे पालकहि आहेत, आणि त्यांच्यापुढें ऑनर्स कॉलेजाचें निमंत्रण आलें म्हणजे साहजिकच त्यांना अभिमान वाटतो. त्यांनीं इमारतीचीं चित्रें पाहून हुरळून न जातां कांहीं साधे प्रश्न विचारावे. तेथील प्राध्यापक वसतिगृहांत येऊन मुलांशीं बोलतात काय? गुण घसरले तर मुलाला आधार मिळतो, कीं नुसती ताकीद? जादा फी आहे काय, आणि ती न परवडणाऱ्यास सवलत आहे काय? त्या घरांतील मुलें बाहेरच्या मुलांत मिसळतात काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर निमंत्रण स्वीकारण्यासारखें आहे. नसतील, तर साध्या वसतिगृहांत राहूनहि चांगला गुरु व चांगला मित्र शोधतां येतो. चाळीस हजारांच्या गर्दींत तीं माणसें असतातच.

दिंडीचा दृष्टान्त येथें पुन्हां आठवतो. प्रत्येक दिंडीला आपली पताका असते, आपला टाळ असतो, आपला क्रम असतो. तरीहि ती चालते पालखीबरोबरच, आणि वाटेंत कोणी थकलेला दिसला तर तो आपल्या दिंडीचा आहे कीं नाहीं हें विचारीत बसत नाहीं. शेतकऱ्याकारागिरांच्या मुलांसाठीं उघडलेल्या विद्यापीठांत हुशारांचें निराळें घर राहावयाचें असेल, तर त्यानेंहि याच रीतीनें राहिलें पाहिजे. ऑगस्टच्या त्या संध्याकाळीं आईबापांची मोटार वळणाआड गेल्यावर एकटा उभा राहिलेला मुलगा ऑनर्सचा असो वा नसो, त्याला हांक मारणारें कोणीतरी त्या आवारांत असावें, एवढीच या साऱ्या खटाटोपामागची मूळ इच्छा होती.